शेवटच्या ओळीतला शौकीन

खटाव, माण, आटपाडी, जत, पलूस, कराड या तालुक्यांत गावागणिक एक तरी कुस्तीशौकीन भेटतोच. त्याने स्वतः लांग कसलेली असो वा नसो, जत्रांचे पंचांग त्याला तोंडपाठ असते. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात औंधची यमाई आणि खरसुंडीचा सिद्धनाथ, चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा आणि पावसाळा सरता सरता कुंडल. जाईल तिथले मैदान तो तोलून बघतो. अमक्या गावची माती मऊ आहे पण पंच घाई करतात. तमक्या गावच्या जोड्या नामी असतात पण बसायला जागा नाही. एखाद्या गावाविषयी तो एवढेच म्हणतो, ‘तिथं शेवटच्या माणसालापण कुस्ती दिसते.’ त्याच्या तोंडून मैदानाला याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

मैदाने पाहत, त्यांची तुलना करत हिंडण्याचे वेड जगात इतरत्रही आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये ३० संघ आहेत. या सगळ्या संघांची मैदाने आयुष्यात एकदा तरी पाहायचीच, असा पण करून तिथले चाहते सुट्ट्या आखतात. तिथल्या आपल्या मराठी घरांतली पोरेही आता त्या नादाला लागली आहेत. या वेडाला कारणही आहे. बेसबॉलच्या मैदानाला सगळीकडे सारखे माप नसते. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डाव्या बाजूला सुमारे ३७ फूट उंचीची भिंत आहे, कारण तिच्यामागे रस्ता आहे आणि मैदानाला तिकडे पसरायला जागा उरली नव्हती. ती अडचणच पुढे त्या मैदानाची ओळख झाली. फेनवे पार्क १९१२ साली उघडले आणि त्या लीगमधले ते आज सर्वांत जुने मैदान आहे. त्याच १९१२ साली आपल्याकडे कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. सातारा-सांगलीकडच्या कुस्ती मैदानाचा मागोवा घेताना या खासबागेवरून जावेच लागते. पण सुरुवात तिच्या बरीच आधी झाली आहे.

मैदानाचा आकार समजून घ्यायचा तर आधी निकाल कसा लागतो ते पाहायला हवे. आपल्या मातीवरच्या कुस्तीत गुणांची बेरीज नव्हती. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की कुस्ती चितपट. दोन मल्ल अर्धा-पाऊण तास खडाखडी करतील, एकमेकांचा पट काढायला बघतील, आणि मग डोळ्याचे पाते लवते न लवते तोच एखादा घिस्सा किंवा ढाक बसून सारे संपेल. तो क्षण ज्याने पाहिला त्यानेच कुस्ती पाहिली. शिवाय तो क्षण जमिनीलगत घडतो. उभे मल्ल लांबूनही दिसतात, खाली पडलेली पाठ दिसत नाही. पाठ टेकली की नुसती कूस लागली यावरून फडात वाद पेटतात. अशा वेळी पंचांच्या निर्णयाला भोवतीच्या हजारो डोळ्यांची साक्ष लागते. त्यामुळे प्रेक्षकाला जमीन दिसली पाहिजे, ही कुस्ती मैदानाची पहिली गरज ठरली. पुढची सगळी वंशावळ या एका गरजेतून वाढली आहे.

या वंशावळीचे जुने पान बाराव्या शतकातले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत मल्लविनोदाला स्वतंत्र जागा आहे. मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, त्यांची मेहनत आणि कुस्तीची जागा यांचा त्यात विचार केलेला आहे. आपला मुलूख या घराण्याला परका नव्हता. सोमेश्वराचा पिता विक्रमादित्य सहावा याने कराडच्या शिलाहार राजकन्येशी विवाह केला होता. मात्र त्या आखाड्याचा धनी राजा होता. कुस्ती त्याच्या आसनासमोर व्हायची आणि त्याला दिसले म्हणजे भागायचे. सामान्य माणूस त्या मांडणीच्या मध्यावर यायला अजून बराच काळ जायचा होता.

तालमी गावागावांत रुजल्या त्या मारुतीच्या आधाराने. सतराव्या शतकाच्या मध्यावर समर्थ रामदासांनी स्थापलेले अकरा मारुती पाहा. चाफळ (इथे दोन), शहापूर, माजगाव, उंब्रज, मसूर, शिंगणवाडी ही ठिकाणे आजच्या सातारा जिल्ह्यात आहेत, तर बत्तीस शिराळा आणि बहे-बोरगाव सांगली जिल्ह्यात. उरलेले दोन, मनपाडळे आणि पारगाव, कोल्हापूरकडे. म्हणजे अकरांतले बहुतेक मारुती कृष्णा-वारणेच्या या पट्ट्यात आहेत. आजही इथल्या तालमीत पाऊल टाकले की समोर मारुती आणि त्याच्यापुढे हौद दिसतो. हौदातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती रोज खोऱ्याने वरखाली करतात, कारण माती घट्ट झाली तर हाडे मोडतील. हा हौद मेहनतीसाठी असतो. कोंदट, बंद खोलीत पहाटे पोरे जोर मारतात, वस्ताद भिंतीला टेकून बघतो. प्रेक्षकाला तिथे जागा नसते आणि असूही नये. प्रेक्षकासाठी मल्लाला तालमीबाहेर यावे लागले. ती संधी जत्रेने दिली.

रब्बीचे पीक निघाले की शिवार मोकळे होते. गावाजवळचे एखादे रान, ओढ्याकाठची गायरानाची जागा किंवा नदीचे कोरडे पात्र निवडायचे. जत्रेच्या आदल्या दिवशी ते नांगरायचे, ढेकळे फोडायची, खडे वेचायचे आणि पाणी शिंपडायचे. असे मैदान एका दिवसापुरते जन्म घेते. दुसऱ्या दिवशी दुपारी हलगी कडाडली की माणसे रिंगण धरून बसू लागतात. कसे बसतात ते जरा जवळून बघण्यासारखे आहे. पुढच्या तीन-चार ओळी मांडी घालून बसतात आणि त्यांत बहुतेक पोरे असतात. त्यांच्यामागे उकिडवे बसलेले बापये. त्यांच्यामागे उभी गर्दी. तिच्यामागे बैलगाड्या, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि त्यांच्यावर चढलेली माणसे. सर्वांत मागे बांधावरच्या बाभळी-लिंबांच्या फांद्यांवर बसलेले शौकीन. पुढच्या ओळीतला कुणी अर्धवट उठला तर मागून एकच ओरडा होतो, ‘बसून घ्या, बसून घ्या!’ पंच हातातले उपरणे फिरवत रिंगणाच्या कडेने धावतात. कुणीही आराखडा काढलेला नसतो, तरी माणसांच्याच अंगाने पायऱ्या तयार होतात. आपल्याकडचे पहिले प्रेक्षागृह हेच. ते दगडविटांत बांधलेले नव्हते, मागच्याला दिसावे म्हणून पुढच्याने खाली बसण्याच्या शिस्तीवर ते उभे होते.

जत्रेच्या कुस्त्यांची रीतही याच रिंगणातून ठरली. सुरुवात लहान पोरांनी, रेवड्यांवर आणि नारळावर. मग इनाम चढत जाते. मोठ्या जोड्या कमिटी आधी ठरवते, पण पूर्वी बऱ्याचशा कुस्त्या जागेवरच लागायच्या. मल्ल रिंगणाच्या कडेने फिरायचा, पंच जोड विचारायचे, गर्दीतून कुणी सदरा काढत पुढे यायचा आणि दोघांची उंची-वजने डोळ्यांनी मापून कुस्ती लावली जायची. जिंकलेला पोरगा पुन्हा रिंगणाला फेरी मारायचा आणि शौकीन त्याच्या हातात नाणी-नोटा ठेवायचे. दिवेलागणीला एक नंबरची कुस्ती. फिरस्ता शौकीन या व्यवस्थेत नुसता बघ्या नव्हता. एका गावात गाजलेल्या पोराचे नाव तो पुढच्या जत्रेपर्यंत पोहोचवायचा, आणि कुठल्या कमिटीने ठरलेले इनाम दिले, कुठल्या कमिटीने हात आखडता घेतला, हेही. त्याच्या जिभेवर मैदानाची पत ठरायची.

हा शौकीन लांबवर फिरू लागला तो रेल्वेमुळे. पुणे-मिरज मार्ग झाला आणि १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला जोडणारी संस्थानची रेल्वे सुरू झाली. कराडकडचा, कुंडलकडचा माणूस गाडीत बसून मिरजेला उतरायचा आणि तिथून कोल्हापूर गाठायचा. कोल्हापुरात त्याच सुमारास कुस्तीला तिचा सर्वांत मोठा आश्रयदाता लाभला. राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले. ते स्वतः कुस्तीचे जाणकार होते. पंजाबपासूनचे नामांकित मल्ल त्यांनी कोल्हापुरात आणले आणि गावोगावच्या पोरांना तालमीत ठेवून त्यांच्या खुराकाची सोय केली.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोझियम पाहिले. आपल्याकडेही असे मैदान हवे, हा विचार तिथला. पण महाराजांनी रोमची नक्कल केली नाही, याचे मला फार मोल वाटते. कलोझियमला दगडी कमानींचे मजल्यावर मजले आहेत. खासबागेत जमीनच भोवतीने उतरती केली, मधोमध कुस्तीचा हौद उंचावून घेतला आणि बैठक मातीचीच ठेवली. मध्ये खांब नाही, आडोसा नाही. सुमारे ३०,००० माणसे बसतील एवढ्या त्या वर्तुळात कुठेही बसा, मल्लाची पाठ दिसते. जत्रेच्या रिंगणात जे माणसे आपल्या अंगाने करत होती ते महाराजांनी जमिनीकडून करून घेतले. पुढच्याने खाली बसावे म्हणून ओरडायचे कारणच उरले नाही. १९१२ मध्ये मैदान सुरू झाले तेव्हा गामा पहिलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली. जमलेल्या शौकिनांनी मैदान पाहिले आणि ते माप घेऊन घरी गेले. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रातले प्रत्येक मैदान खासबागेशी ताडून पाहिले जाऊ लागले.

खासबागेची बरोबरी करणे गावांना परवडणारे नव्हते. पण उतार शोधायला पैसे लागत नाहीत. कुंडलचे महाराष्ट्र कुस्ती मैदान याचे ठळक उदाहरण. पलूस तालुक्यातले हे गाव पूर्वी औंध संस्थानात होते. जवळच १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि तिथल्या स्टेशनाचे नाव तेव्हा कुंडल रोड होते, त्यामुळे बाहेरगावचा शौकीन रेल्वेने थेट येऊ शकत होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक होते आणि त्यांच्या शाळांत व्यायामाला मान होता. प्रतिसरकारच्या काळात जी. डी. बापू लाड यांनी तुफान सेना उभी केली ती याच कुंडलात. अशा गावात कुस्ती रुजली नसती तरच नवल. इथे डोंगराच्या उताराने प्रेक्षकांची सोय केली आहे. खाली फड आणि वर चढत गेलेली माणसे. कुंडलला गेलेला शौकीन मैदानाचे वर्णन करताना आधी हा उतारच सांगतो, मल्लांची नावे नंतर.

या मैदानांनी काय पिकवले ते पाहिले म्हणजे त्यांचे मोल कळते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव गावच्या मातीत वाढले. १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते मॅटवर उतरले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवून ऋण फेडले. ते पैसे तिकीट काढून आलेल्या शौकिनांचे होते, म्हणजे त्या पदकाच्या खर्चात त्यांचाही वाटा आहे. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले. कवठेपिरानचे मारुती माने १९६४ मध्ये. त्याआधी १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत या दोघांनीही सुवर्णपदके जिंकली होती. १९६१ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिला मान दिनकर दह्यारी यांनी मिळवला, तेही पलूस भागातले. सांगलीत हरी नाना पवार आणि त्यांचे पुत्र, ‘बिजली मल्ल’ म्हणून ओळखले गेलेले आमदार संभाजी पवार, यांनी तालमीपासून विधानसभेपर्यंत कुस्तीचे नाव नेले. यातला एकही मल्ल मोठ्या शहराच्या स्टेडियमने घडवलेला नाही. गावच्या फडाने त्यांना पारखले आणि शौकिनांनी त्यांचे नाव पसरवले.

महाराष्ट्र केसरीबरोबर मैदानाची दुसरी शाखा वाढू लागली. ही स्पर्धा दरवर्षी गाव बदलते, म्हणून ती जिथे जाते तिथे जागा उभारावी लागते. १९६३ मध्ये ती साताऱ्यात झाली आणि त्या वर्षी किताब कुणालाच मिळाला नाही. पुढे माती आणि गादी (मॅट) असे दोन विभाग झाले आणि दोन्ही विजेते अंतिम फेरीत भिडू लागले. गादी आल्यावर मैदानाची मागणीच बदलली. आंतरराष्ट्रीय कुस्तीचे वर्तुळ ९ मीटर व्यासाचे. डाव तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत आटोपतो आणि गुण फलकावर दिसतात. एका वेळी दोन-तीन आखाड्यांवर कुस्त्या चालू असतात. प्रेक्षकाला पाठ दिसली नाही तरी फलक दिसतो. खेळाडूच्या दृष्टीने ही गादी आवश्यकच आहे. ऑलिंपिकला माती नसते आणि खाशाबांना ते लंडनला अंगावर शिकावे लागले. गादीला विरोध करणाऱ्या शौकिनाशी मी सहमत होऊ शकत नाही.

कोरोनाच्या काळात जत्रा बंद राहिल्या, तालमी ओस पडल्या. त्यानंतरची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला झाली, तब्बल ५९ वर्षांनी. शाहू स्टेडियमवर माणसांचा महापूर लोटला. मधेच वळवाच्या पावसाने मैदान भिजवले, कुस्त्या थांबवाव्या लागल्या, तरी लोक हलले नाहीत. कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील विजयी झाला. पुढच्याच वर्षी, मार्च २०२३ मध्ये, महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. शेकडो वर्षे जत्रेच्या रिंगणात बाई प्रेक्षक म्हणूनही क्वचित दिसायची. त्या दिवशी पोरी आखाड्यात होत्या आणि त्यांच्या आया पुढच्या ओळीत. मैदानाच्या वंशावळीतले हे मला सर्वांत मोठे वळण वाटते.

आज जत्रेच्या मैदानांना पैशाची ददात नाही. लाखांची इनामे लागतात, फ्लेक्सवर परप्रांतीय मल्लांचे फोटो झळकतात, निवेदक माइकवरून मल्लाच्या गावासह वस्तादाचे नाव सांगतो, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालते. सांगलीचा माणूस पुण्यात नोकरी करत असला तरी गावची एक नंबरची कुस्ती मोबाइलवर पाहू शकतो. हे सगळे चांगलेच आहे. पण एक गोष्ट बिघडत चालली आहे. रिंगणाच्या एका बाजूला पाहुण्यांचे व्यासपीठ उभे राहते आणि ते वर्षागणिक मोठे होत जाते. त्याच्यामागचे चतुर्थांश मैदान आंधळे होते. कुस्ती चालू असताना आखाड्यात सत्कार होतात, फोटोसाठी माणसे हौदाकडेला उभी राहतात, कॅमेऱ्याचे स्टँड मध्ये येतात. जत्रेच्या रिंगणातला पहिला नियम पुढच्याने खाली बसण्याचा होता. तो आता पुढचाच मोडतो आणि मागच्याला ओरडायचीही सोय राहत नाही. सोमेश्वराच्या आखाड्यात कुस्ती एका आसनासमोर व्हायची. तिथून तिला शेवटच्या ओळीपर्यंत यायला आठशे वर्षे लागली. ती पुन्हा एका आसनाकडे वळवणे बरे नव्हे.

खासबागेचीही काळजी वाटते. तिच्या शेजारचे, शाहू महाराजांनीच उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. शंभर वर्षांची वास्तू एका रात्रीत कशी जाते ते सगळ्यांनी पाहिले. मातीच्या मैदानाला आग लागत नाही, पण भर घालून, फरशी टाकून, मंडपाचे खांब रोवून त्याचा उतार हळूहळू मारता येतो आणि त्याची बातमीही होत नाही.

म्हणून सातारा-सांगलीतल्या यात्रा कमिट्यांना एवढेच सांगणे आहे. यंदा मैदान आखताना इनामाचा आकडा ठरवण्याआधी जागेचा उतार बघा. उतार नसेल तर जेसीबीने फडाभोवती गोल बांध घाला. गावच्या एका दिवसाच्या श्रमदानात तो होतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. व्यासपीठ ठेवायचेच असेल तर ते बांधाच्या मागे, सगळ्यांत वर ठेवा. पाहुण्यांना तिथून उत्तम दिसेल. सत्कार कुस्त्यांच्या आधी उरका. बायका-पोरींसाठी पुढची एक बाजू राखून ठेवा. आणि पहिली जोड लावण्याआधी कमिटीतल्या एकाने शेवटच्या ओळीत जाऊन बसावे. तिथून हौदातली माती दिसत असेल तरच हलगी वाजवावी.